८ सप्टेंबर, मरियामातेचा जन्मदिवस: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

गणपती आणि हा सण बऱ्याचदा मागेपुढेच येतात, त्यामुळे सप्टेंबर लागला की ऑफिसातले, बिल्डिंगमधले, शाळेच्या ग्रुपवरचे सगळे विचारायला लागतात, "तुमची ती बांद्र्याची जत्रा कधी आहे गं?" आणि मग त्या एका प्रश्नाच्या मागून दहा प्रश्न येतात. आमच्याकडच्या तरुण पोरांनाही जत्रा माहीत असते पण सण कशाचा ते विचारलं की डोकं खाजवतात. म्हणून जे जे प्रश्न वर्षानुवर्षं ऐकलेत ते सगळे इथे एका जागी लिहून काढतेय.

हा सण नेमका कशाचा?

येशूची आई मरिया, तिच्या जन्माचा. तारीख ठरलेली, ८ सप्टेंबर. साधा सरळ बर्थडे आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, ख्रिस्ती कॅलेंडरमधे संतांचे जे सण असतात ते बहुतेक त्यांच्या मृत्यूच्या दिवशी असतात, कारण तो स्वर्गातला जन्म मानतात. पृथ्वीवरचा जन्म साजरा होतो तो फक्त तिघांचा. २५ डिसेंबरला येशूचा, २४ जूनला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा (गोव्यात सांजांव म्हणून विहिरीत उड्या मारतात तो दिवस) आणि ८ सप्टेंबरला मरियेचा. तिघांत ही एकटी मुलगी. मला या सणातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, की एवढ्या जुन्या काळी लोकांनी एका मुलीच्या जन्माचा दिवस वर्षाच्या कॅलेंडरमधे घातला आणि तो दीड हजार वर्षं टिकला.

बायबलमधे तिच्या जन्माची गोष्ट कुठे आहे?

कुठेच नाही. चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या आयुष्याची बायबलमधली पुस्तकं, उघडून बघा, मरिया आपल्याला भेटते तीच थेट नाझरेथमधे, देवदूत निरोप घेऊन येतो तेव्हा. तिचे आईवडील कोण, ती जन्मली कुठे, कधी, एक शब्द नाही.

मग योवाकीम आणि ॲना ही नावं आली कुठून?

दुसऱ्या शतकात, म्हणजे साधारण इ.स. १५० च्या आसपास लिहिलेला एक ग्रंथ आहे, याकोबाचं आद्यशुभवर्तमान म्हणतात त्याला. तो बायबलमधे घेतलेला नाही, चर्चने त्याला शास्त्राचा दर्जा कधी दिला नाही, पण लोकांच्या मनात त्यातली गोष्ट इतकी घर करून बसली की चित्रं, भजनं, सण सगळं त्यातून आलं.

गोष्ट सांगते कारण ती फार सुंदर आहे आणि फार कमी जणांना माहीत आहे. योवाकीम पैसेवाला माणूस, देवाला अर्पण द्यायचं तर दुप्पट देणारा. पण मूल नाही. सणाच्या दिवशी तो अर्पण घेऊन जातो तर एक जण त्याला अडवतो, तुला इस्राएलात वंश नाही, तू पुढे यायचं नाहीस. योवाकीमला हे इतकं लागतं की तो घरीच जात नाही, रानात तंबू ठोकतो आणि चाळीस दिवस उपास करतो. इकडे ॲना घरी एकटी, तिला वाटतं मूल तर नाहीच, आता नवराही गेला. ती बागेत जाऊन बसते, वर झाडात चिमण्यांचं घरटं दिसतं आणि मग ती रडायला लागते, पाखरांना पिल्लं आहेत, जनावरांना आहेत, पाण्यालासुद्धा त्याचे मासे आहेत, मग मी कशासारखी झाले? ज्या बाईला "अजून काही गुड न्यूज नाही का" हे प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक लग्नात ऐकावं लागलंय तिला हे वाचून दाखवा, अठराशे वर्षांपूर्वीचं लिखाण आहे असं तिला वाटणार नाही.

मग देवदूत येतो, तुझं ऐकलंय म्हणतो. ॲना म्हणते, मुलगा होवो की मुलगी, मी ते मूल देवाला देईन. योवाकीम कळप घेऊन परत येतो, ती वेशीच्या दारापाशी धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडते (युरोपातल्या जुन्या चित्रांत ही दारातली भेट पुष्कळ वेळा काढलीय). दिवस भरतात, बाळंतपण होतं, ॲना सुईणीला विचारते, काय झालं? सुईण म्हणते, मुलगी. आणि ॲना म्हणते, आज माझ्या जिवाला मोठेपण मिळालं.

बस, एवढंच. "हरकत नाही, पहिली बेटी धनाची पेटी" असली समजूत घालायची वेळच येत नाही तिथे.

हे खरं घडलं असं चर्च मानतं का?

या ग्रंथातला प्रत्येक तपशील खरा असं मानायची सक्ती कुणावरच नाही. पण मरियेचे आईबाप म्हणून योवाकीम आणि ॲना यांना चर्च संत मानतं आणि २६ जुलैला दोघांचा सण असतो, आजी-आजोबांचा दिवस म्हणून पुष्कळ ठिकाणी त्या दिवशी म्हाताऱ्यांना पुढे बोलावून आशीर्वाद देतात.

सण सुरू कुठे झाला?

यरुशलेममधे. तिथे मेंढरांच्या दरवाज्याजवळ बेथेस्दाचं तळं होतं (अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशूने बरं केलं ते, योहानाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात आहे). पाचव्या शतकात त्या तळ्यापाशी मरियेच्या नावाचं चर्च होतं आणि ॲना-योवाकीमचं घर इथेच होतं, मरिया इथेच जन्मली अशी तिथली परंपरा. सण त्या चर्चभोवतीच वाढला असं बहुतेक अभ्यासक मानतात. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमधे रोमानोस नावाच्या संतकवीने या जन्मावर स्तोत्र रचलं, म्हणजे तोवर सण तिकडे पोचला होता.

रोमला तो सातव्या शतकात आला. सर्जियस पहिला नावाचा पोप होता, ६८७ ते ७०१, त्याचं घराणं मूळचं सिरियातलं, त्यामुळे पूर्वेकडचे सण त्याच्या ओळखीचे. त्याने ठरवलं की मरियेच्या सणांना लोकांनी रोमच्या रस्त्यांवरून मिरवणूक काढून मोठ्या मरियेच्या बॅसिलिकापर्यंत (बॅसिलिका म्हणजे खास मान असलेलं मोठं चर्च) जायचं. या ८ सप्टेंबरच्या सणाचं नाव त्या यादीत आहे.

यरुशलेममधे आज त्या जागी संत ॲनाचं चर्च आहे, बाराव्या शतकात क्रुसेडर लोकांनी, म्हणजे यरुशलेमसाठी धर्मयुद्ध करायला युरोपातून आलेल्या ख्रिस्ती लोकांनी, बांधलेलं. सलाउद्दीनने यरुशलेम जिंकल्यावर तिथे मदरसा केला, त्याचा अरबी शिलालेख अजून दारावर आहे, आणि १८५६ साली तुर्की सुलतानाने ती इमारत फ्रान्सला दिली. आत आवाज असा घुमतो की चार माणसं गायली तरी चाळीस जणांचं गायन मंडळ वाटतं. पवित्र भूमीच्या टूरला जाणारे आपले लोक तिथे आवर्जून एखादं मराठी गीत म्हणतात, तुम्ही गेलात तर लाजू नका, म्हणाच.

८ तारीखच का?

जन्मतारीख कुठे लिहून ठेवलेली नाही. यरुशलेमचं ते चर्च या दिवशी अर्पण केलं असावं, त्यावरून तारीख पडली असा एक तर्क आहे. पूर्वेकडच्या चर्चचं धार्मिक वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, म्हणजे वर्षातला पहिला मोठा सण हिच्या जन्माचा आणि ऑगस्टमधला शेवटचा मोठा सण तिच्या देहान्ताचा.

आणि जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरणारे ऑर्थोडॉक्स लोक हाच सण आपल्या २१ सप्टेंबरला करतात. इजिप्तचे कॉप्टिक आणि इथिओपियाचे ख्रिस्ती मात्र ९ मे ला.

८ डिसेंबरचा सण आणि हा, दोघांचा काही संबंध?

हो, नऊ महिन्यांचा. ८ डिसेंबर हा मरिया ॲनाच्या पोटात राहिली तो दिवस आणि तिथून नऊ महिने मोजा, ८ सप्टेंबर. उलट मोजलेलं आहे खरं तर, जन्माचा सण आधीचा आणि त्यावरून मागे जाऊन डिसेंबरची तारीख ठरली.

इथे खूप जणांचा घोटाळा होतो, आपल्या कॅथलिक लोकांचासुद्धा, म्हणून स्पष्ट लिहिते. ८ डिसेंबरच्या सणाला निष्कलंक गर्भसंभव म्हणतात, तो येशूचा नाही, मरियेचा. तिला पहिल्या क्षणापासून पापाचा डाग लागला नाही अशी ती शिकवण, पोप नववे पायस यांनी १८५४ साली जाहीर केलेली. ती स्वतः मात्र चारचौघांसारखी आईबापांच्या पोटी जन्मली. येशूचा गर्भ राहिला तो सण २५ मार्चला, म्हणजे ख्रिसमसच्या नऊ महिने आधी.

मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) या दिवशी ती नावांची लांबलचक यादी का वाचतात?

लहानपणी मला ही यादी म्हणजे शिक्षा वाटायची. मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, येशूची वंशावळ, अब्राहामापासून इसहाक, इसहाकापासून याकोब, असं करत करत बेचाळीस पिढ्या, चौदाचे तीन गट, आणि फादर एका दमात वाचतायत आणि आपण पाय बदलत उभे.

मोठेपणी नीट ऐकली तेव्हा कळलं की या बापांच्या यादीत मधेच चार बायका येतात. तामार, जिला सासरच्यांनी हक्क नाकारला आणि तिने तो युक्तीने मिळवला. राहाब, यरीहोची वेश्या, जिने हेरांना लपवलं. रूथ, परक्या मवाब देशातली विधवा सून, सासूला सोडून जायला तयार नाही. आणि उरीयाची बायको, जिचं नावसुद्धा तिथे घेतलेलं नाही, दाविदाने जिच्या नवऱ्याला मारवलं ती. एकीचंही चरित्र पत्रिकेवर छापण्यासारखं सरळ नाही. आणि मग पाचवी मरिया, लग्नाआधी गरोदर राहिलेली. संपूर्ण यादी "याला झाला, त्याला झाला" अशी चाललेली असते आणि शेवटी येऊन वाक्यच बदलतं, याकोबाला योसेफ झाला, तो मरियेचा पती, तिच्यापासून येशू जन्मला. बेचाळीस पिढ्यांची वंशावळ शेवटी एका मुलीच्या दारात येऊन थांबते. पुढच्या वेळी पाय बदलण्याऐवजी या बायकांची नावं मोजा.

आपल्या देशात या दिवशी अजून काही असतं का?

भारतातली कॅथलिक चर्च ८ सप्टेंबर हा मुलींचा दिवस, बालिका दिन म्हणून पाळते. मला हे फार मनापासून पटतं, कारण ज्या महाराष्ट्रात गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ साली देशातला पहिला कायदा करावा लागला, तिथे मुलीच्या जन्माचा सण म्हणजे नुसती परंपरा राहत नाही. आमच्या कुटुंबात माझ्या आत्याला तिसरी मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलमधे पेढे आणायला कोणी गेलं नाही. आजी गेली. पेढ्याचा बॉक्स घेऊन आली आणि म्हणाली, मोत माउलीपण मुलगीच होती ना तिच्या आयशीची. आजी शाळेत गेली नव्हती, ॲनाची गोष्ट तिने कुठे वाचली असायची शक्यता नाही.

मोत माउली म्हणजे काय? मोत म्हणजे मोती का?

नाही, मोत म्हणजे मोंत, पोर्तुगीजमधे डोंगर, टेकडी. इंग्रजीत माउंट. आणि माउली आपली मराठीच. टेकडीवरची आई, म्हणजे बांद्र्याच्या टेकडीवरच्या चर्चमधली मरिया. तिचीच ती जत्रा. ज्या भाषेत ज्ञानेश्वर माउली, विठ्ठल माउली, त्याच भाषेत ही मोत माउली, कोळ्यांनी, आगऱ्यांनी, ईस्ट इंडियन लोकांनी (मुंबई-वसईकडचे मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक) तिला हे नाव दिलं आणि सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

बांद्र्याच्या मूर्तीची गोष्ट काय आहे?

सोळाव्या शतकात जेझुइट नावाच्या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी मूर्ती आणली आणि टेकडीवर छोटं चॅपल झालं. १७०० साली मस्कतच्या अरब चाच्यांनी हल्ला केला, मूर्तीच्या हातात सोन्याचा मुलामा दिलेली वस्तू होती, ती मिळवण्यासाठी त्यांनी उजवा हात तोडला असं सांगतात. पुढे मराठे आणि पोर्तुगीज यांच्या लढाईत, १७३८-३९ च्या सुमाराला, चॅपल पाडलं गेलं, आणि १७६० च्या आसपास पुन्हा उभं राहिलं.

कोळी लोकांची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त जवळची. एका कोळ्याला स्वप्न पडलं की समुद्रात तुला मूर्ती मिळेल, आणि खरंच मिळाली. म्हणून आजही जत्रेत कोळणी येतात त्या पाहुण्यासारख्या येत नाहीत, माहेरी आल्यासारख्या येतात.

आत्ताची दगडी इमारत १९०४ ची, ती बांधली शापूरजी चंदाभॉय नावाच्या पारशी आर्किटेक्टने. १९५४ साली तिला बॅसिलिकाचा मान मिळाला.

जत्रा ८ तारखेलाच असते का?

सण ८ ला, जत्रा त्यानंतरच्या रविवारी सुरू होते आणि पुढच्या रविवारपर्यंत आठ दिवस चालते. ८ ला स्वतःच रविवार असेल तर त्याच दिवशी सुरू. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना असते.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, लेकरं बरोबर असतील तर नक्कीच टाळा. कामाच्या दिवशी सकाळी लवकर जा, बांद्रा स्टेशनहून बेस्टच्या जादा बस असतात. मराठी मिस्सा कधी आहे ते त्या वर्षीच्या वेळापत्रकात बघून जा, इंग्रजी, कोंकणी, हिंदी, तामिळ सगळ्या असतात.

ते मेणाचे हात, पाय, घर, बाळ कशाला घेतात?

नवस. हात दुखतो तर मेणाचा हात, घर नाही तर मेणाचं घर, मूल नाही तर मेणाचं बाळ, आता तर मेणाचे विमान आणि पासपोर्टपण दिसतात. पोर्तुगालमधे, इटलीत, ब्राझीलमधे हीच पद्धत आहे, त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेली. काही लोक याला अंधश्रद्धा म्हणतात आणि मेण दिलं की काम झालं असा सौदा कुणी डोक्यात ठेवत असेल तर ते चुकीचंच, फादरही प्रवचनात सांगतात. पण ज्या बाईला आपलं दुखणं चार शब्दांत सांगता येत नाही तिने ते हातात धरून आईपुढे ठेवलं, एवढंच त्यात बघा.

मी मात्र मेणाचं बाळ विकत घेणाऱ्या बायांकडे बघते तेव्हा ॲना आठवते, बागेतली.

बांद्र्याशिवाय महाराष्ट्रात कुठे?

हरेगाव. श्रीरामपूर तालुक्यातलं गाव, तिथली मतमाउलीची यात्रा ८ सप्टेंबरच्या आसपासच्या शनिवार-रविवारी भरते. मोत माउलीचीच ती मतमाउली झाली. नगर, नाशिक, मराठवाडा, सगळीकडून लोक येतात, काही पायी, बाया डोक्यावर बोचकी आणि कडेवर पोरं घेऊन, मैदानात मुक्काम. बांद्र्यात समुद्राचा वारा आणि कोळीगीतं, इथे उसाचं रान आणि टाळ-ढोलकीवरची मराठी गाणी. मुंबईकरांनी एकदा तरी हरेगाव बघावं असं मी सगळ्यांना सांगत असते.

वेलंकणीचा आणि याचा काय संबंध?

तोच सण. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर वेलंकणीला २९ ऑगस्टला झेंडा चढतो आणि ८ सप्टेंबरला मुख्य दिवस. वादळात सापडलेले पोर्तुगीज खलाशी ८ सप्टेंबरला तिथे सुखरूप किनाऱ्याला लागले अशी तिथली कथा. मुंबईहून खास गाड्या सोडतात.

केरळात सिरियन ख्रिस्ती १ ते ८ सप्टेंबर आठ दिवसांचा उपास करतात, मणर्काडच्या चर्चमधे त्यासाठी तुडुंब गर्दी.

मंगलोरी मित्राकडे या दिवशी शाकाहारी जेवण का असतं?

कारण त्यांचं मोंती फेस्त, म्हणजे हाच मरियेच्या जन्माचा सण. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमधे आशीर्वाद देऊन घरोघर वाटतात, त्यातले दाणे दुधात किंवा पायसात घालून सगळं घर एकत्र खातं. नऊ दिवस मुलं टोपलीत फुलं घेऊन बाल मरियेला वाहतात. केळीच्या पानावर भाज्यांचं जेवण, भाज्यांची संख्या विषम. मंगलोरजवळच्या फरंगीपेठच्या मोंते मारियानो चर्चमधून, फादर जोआकीम मिरांडा यांच्यापासून, १७६३ साली हे सुरू झालं असं मानतात.

आपल्या ईस्ट इंडियन लोकांचा कणसांचा सण आगेरा वेगळा, तो ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, तोवर आपल्याकडचा भात तयार होतो.

प्रॉटेस्टंट लोक हा सण करतात का?

बहुतेक नाही. बायबलमधे नाही ते नको असं त्यांचं म्हणणं, आणि ते प्रामाणिक म्हणणं आहे, त्यावरून जेवणाच्या टेबलावर भांडू नका. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या लोकांच्या कॅलेंडरमधे मात्र ८ सप्टेंबरची नोंद आहे.

कॅथलिक लोक मरियेची पूजा करतात ना पण?

आराधना फक्त देवाची. मरियेला मान आणि तिच्याकडे विनंती, आमच्यासाठी प्रार्थना कर. "नमो मरिया" म्हणतो तीसुद्धा शेवटी विनंतीच आहे, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर.

मुसलमान लोक पण जत्रेत दिसतात, ते कसे?

कुराणात मरियेला मरियम म्हणतात आणि तिच्या नावाचा एक अख्खा सूरा, म्हणजे अध्याय आहे. आणि तिच्या जन्माची गोष्टपण आहे, तिसऱ्या सूऱ्यात. मरियमची आई, इम्रानची बायको, पोटातलं मूल देवाला वाहते, मग मुलगी होते, ती म्हणते, देवा, मला तर मुलगी झाली, आणि देवाला तर ते आधीच ठाऊक असतं. ती नाव ठेवते मरियम आणि देव त्या मुलीला आनंदाने स्वीकारतो. आमच्या शेजारच्या खाला दर वर्षी माझ्याबरोबर बांद्र्याला येतात, पायऱ्या चढताना आम्ही दोघी एकमेकींना हात देतो.

या दिवशी घरी काय करायचं?

ठरलेलं असं काही नाही. रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना म्हणतात, मूर्तीला फुलं घालतात, मुलांसाठी केक आणतात, मरियेसाठी हॅपी बर्थडे म्हणणारी घरंपण आहेत. घरात मरिया, मेरी, मारिया, ॲना नावाचं कोणी असेल तर त्यांचं तोंड गोड करा.

आम्ही ख्रिश्चन नाही, जत्रेला आलो तर चालेल का?

या हो, विचारताय काय, निम्मी जत्रा तुमचीच असते. मेणबत्ती लावा, हार घाला, हात जोडा. एकच सांभाळा, मिस्सा चालू असताना लोक पवित्र भाकर घ्यायला रांगेत जातात, ती प्रसादासारखी सगळ्यांना वाटायची नसते, त्या वेळी जागेवर बसून राहा. आणि खाली उतरताना खाजं घ्या, आणि काळे चणे, गरम असतात तेव्हाच.